साचा आणि आशय : स्थिर संकेतस्थळ-निर्मितीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संकेतस्थळावरील प्रत्येक पानाचे दोन घटक असतात : लेखकाने लिहिलेला आशय आणि तो ज्या मांडणीत वाचकापुढे येतो तो साचा. 'स्टॅटिक साइट जनरेटर' ही आज्ञावली हे दोन घटक स्वतंत्र फायलींत ठेवते आणि प्रकाशनापूर्वी एकदाच त्यांचा संयोग करून तयार पाने निर्माण करते. ही पद्धत अलीकडची मानली जात असली, तरी तिची मुळे जुनी आहेत. मजकूर टिकविण्याचा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी कसा आला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका :
१९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी जीएमएल ही खूणभाषा विकसित केली. 'हे ठळक छापा' असे न सांगता 'हे शीर्षक आहे' असे सांगावे, हे तिचे तत्त्व होय. तिच्यातून घडलेल्या एसजीएमएल भाषेस १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. टिम बर्नर्स-ली यांची एचटीएमएल त्याच वळणाची; परंतु व्यवहारात तिच्यात रंग, टंक व मांडणी मिसळत गेली. डिसेंबर १९९६ मधील सीएसएस शिफारशीने रूप वेगळे केले. तरीही शीर्षपट्टी व अनुक्रम प्रत्येक पानात पुन्हा लिहावेच लागत.

यावर दोन मार्ग निघाले. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसने मजकूर विदागारात ठेवून वाचकाच्या मागणीनुसार पान जुळविले. २००१ चे मूव्हेबल टाइप मात्र पाने आधीच तयार करून ठेवी. साचा बदलला की सर्व पाने पुन्हा घडवावी लागत व त्यास वेळ लागे.

जेकिल आणि ह्यूगो :
२००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन ही सुटसुटीत लेखनपद्धती प्रसिद्ध केली. तिचा आधार घेऊन टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये जेकिल तयार केले. यात विदागार नाही. आशय-फाइलीच्या आरंभी तीन-तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये शीर्षक, दिनांक व साच्याचे नाव नोंदविले जाते. त्याखाली मजकूर येतो. साच्यात महिरपी कंसांच्या दुहेरी जोडीने मजकुराची जागा राखलेली असते. परिणामी एका साच्यातील एक दुरुस्ती शेकडो पानांत उतरते. आशयास हात लावावा लागत नाही. स्टीव्ह फ्रान्सिया यांच्या २०१३ मधील ह्यूगोने पाने घडविण्याचा वेळ पुष्कळ कमी केला आणि जुनी अडचण बरीचशी दूर झाली.

मराठीचा संदर्भ :
या विभाजनाचे मोल मराठी वाचकास विशेष जाणवते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश असूनही अनेक मराठी संकेतस्थळे दीर्घकाळ आपापल्या खास टंकांवर अवलंबून राहिली. टंक नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसत. तेथे आशय रूपात अडकला होता. रूप हरपताच मजकूरही दुर्बोध झाला. याउलट युनिकोडमधील साधी आशय-फाइल जनरेटर कालबाह्य झाला तरी वाचता येते.

मर्यादा व समारोप :
ही पद्धत सर्वसमावेशक नाही. प्रतिसाद आणि अर्ज स्वीकारणे यांसाठी बहुधा बाहेरील सेवा लागते. तांत्रिक सराव नसलेल्या संपादकास ती अवघड वाटते. तसेच साच्याची भाषा अनेकदा जनरेटरनुसार निराळी असल्याने साचे सहसा स्थलांतरित होत नाहीत. मात्र हेच तिच्या इतिहासाचे सार होय : साचा बदलण्यासाठी असतो आणि आशय जपण्यासाठी. ज्या संस्थांना आपले लेखन पुढील पिढीच्या हाती द्यावयाचे आहे, त्यांनी साधनाची निवड करताना प्रथम मजकूर कोणत्या स्वरूपात उरेल याचा विचार करणे आवश्यक ठरते.