नांगराविना पेरणी

नांगरट कशासाठी करतात, असे वर्गात विचारले तर मुले पटकन सांगतात : माती भुसभुशीत व्हावी, तण मरावे, पाणी मुरावे. उत्तरे बरोबरच आहेत. पण एक कारण सहसा कोणी सांगत नाही. पेरणीचे अवजार नीट चालावे म्हणूनही रान तयार करावे लागते. आपली तिफण पाहा. चाड्यात सोडलेले बी नळ्यांतून फणामागच्या चरात पडते, ते माती आधीच मोकळी केलेली असते म्हणून. धसकटे आणि पाचोळा पडलेल्या कडक रानात तिफण चार पावले जाते, मग फणात पाचोळा गुंततो आणि ती उचलून धरावी लागते.

अमेरिकेत नांगर सोडण्याचा विचार सुरू झाला तेव्हा हीच अडचण आडवी आली. विचाराला निमित्त होते १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांचे. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तिथे 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मृद्संधारणाच्या कायद्यावर सही झाली. १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर यांनी 'प्लाउमन्स फॉली' या पुस्तकात सारा दोष नांगराच्या माथी मारला. पुस्तक खूप गाजले, पण शेतकऱ्यांचा नांगर काही सुटला नाही. तण कशाने मारायचे आणि न उलटलेल्या जमिनीत बी कसे घालायचे, या दोन प्रश्नांना हाताशी धड उत्तर नव्हते.

पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. १९६२ साली बाजारात आलेले पॅराक्वाट हिरव्या पानाला जाळते, परंतु मातीच्या कणांना घट्ट चिकटून निष्क्रिय होते. त्यामुळे फवारलेल्या रानात लगेच पेरता येते. (माणसालाही ते अतिशय विषारी आहे. युरोपीय संघात २००७ पासून त्यावर बंदी आहे.) त्याच १९६२ साली केंटकी राज्यातील हर्नडन गावी हॅरी यंग या शेतकऱ्याने पाऊण एकराहूनही लहान तुकड्यात नांगर न घालता मका पेरला. पुढे १९७३ मध्ये शर्ली फिलिप्स या कृषी विस्तारकाबरोबर त्यांनी या पद्धतीवर पुस्तकही लिहिले.

या इतिहासात श्रेय बहुधा तणनाशकांना मिळते. मला ते अर्धेच खरे वाटते. १९६६ साली ॲलिस-चाल्मर्स कंपनीने विनानांगरट पेरणीचे यंत्र विक्रीस आणले. त्यात प्रत्येक ओळीपुढे नागमोडी कडेची एक जड चकती होती. ती पाचोळा कापी आणि जेमतेम बियापुरती अरुंद पट्टी मोकळी करी. मात्र ती जमिनीत रुतवायला वजन फार लागे, आणि ओल्या मातीत ती ढेकळे उपटून काढी. शिवाय ओला पाचोळा कापला न जाता दुमडून चरात दाबला जाई आणि बी मातीऐवजी काडीवर पडे.

१९७० च्या दशकाच्या मध्यास जॉन डिअर कंपनीची 'मॅक्स-इमर्ज' यंत्रे आली. त्यांत इंग्रजी 'व्ही'सारखे कलते दोन तवे चर पाडतात, अगदी त्यांच्या शेजारी धावणारी चाके खोली राखतात आणि मागची तिरकी चाके चर मिटवतात. मक्याचे बी दोन इंच खोल म्हणजे सगळीकडे दोन इंचच पडावे, हा खटाटोप. उशिरा उगवलेले रोप शेजाऱ्यांच्या सावलीत खुरटते. ते पाणी आणि खत घेते, कणीस मात्र धड देत नाही.

ही जुनी यंत्रे आजही तिकडे विकत घेऊन, सुधारून वापरली जातात. सुधारणेची सुरुवात तव्यांपासून होते. १५ इंच व्यासाचा तवा अर्धा इंच झिजला की बदलावा, असा संकेत आहे. एवढ्याशा झिजेने काय होते? दोन तवे पुढे खाली जिथे एकमेकांना टेकतात तिथे फट पडते, फटीतून मातीचा उंचवटा राहतो, चराचा तळ 'डब्ल्यू'सारखा होतो आणि काही बिया वर, काही खाली बसतात. तपासायला उपकरण लागत नाही. तव्यांमध्ये पुढून आणि मागून जाड कागदाचा एकेक तुकडा अडेपर्यंत सरकवायचा. दोन कागदांत सुमारे दोन इंच अंतर उरले तर तवे ठीक टेकतात.

मग यंत्राची आडवी तुळई समपातळीत आणायची. ती पुढे झुकली तर मागची चाके उचलली जातात आणि चर उघडा राहतो. कडक जमिनीसाठी जास्त जोराच्या स्प्रिंगा लावतात. दाब नेमका किती ठेवायचा? कमी पडला तर बी वर राहते. जास्त झाला तर ओल्या मातीत चराच्या भिंती दाबल्या जाऊन मुळे आडवी पसरत नाहीत. अशा भिंती फोडायला रबरी चाकाऐवजी दातेरी चाक बसवतात. पुढच्या जड चकत्या तर पुष्कळांनी काढूनच टाकल्या आणि त्या जागी पाचोळा बाजूला सारणारी दातेरी चाके लावली.

२०१७ च्या कृषी गणनेत अमेरिकेत विनानांगरट शेतीखाली १० कोटी ४० लाख एकर जमीन नोंदली गेली. दरम्यान तणांनीही मार्ग काढला. २००० साली डेलावेअर राज्यात विनानांगरट सोयाबीनमध्येच ग्लायफोसेटला दाद न देणारे तण सापडले. काही शेतकऱ्यांनी पुन्हा नांगर बाहेर काढला. काहींनी तण दाबण्यासाठी राय या तृणधान्याचे आच्छादन पीक घेतले आणि ते उभे असतानाच त्यात पेरणी सुरू केली. राय उंच असली की तिचे ताट त्या दातेरी चाकांना गुंडाळते. तेव्हा ती चाके उचलून बांधायची आणि दाबाच्या स्प्रिंगा पुन्हा पहिल्यापासून जुळवायच्या.