टायरच्या भिंतीवरचा शिलालेख : 'सर्व ऋतूंसाठी एकच टायर' या वचनाचा इतिहास

१/ शिलालेख समोर आला की इतिहासाचा विद्यार्थी तीन प्रश्न विचारतो : हा कोणी कोरला, केव्हा कोरला आणि यातल्या विधानाला आधार काय? आज हेच प्रश्न एका वेगळ्या साधनाला विचारू. ते साधन म्हणजे पिकअप ट्रकच्या टायरची बाजूची भिंत. डांबरी रस्ता, हिवाळ्यातला बर्फ आणि अधूनमधून येणारी कच्ची वाट या तिन्हींसाठी एकच टायर निवडायचा असेल, तर त्या भिंतीवरची अक्षरे हाच आपला प्रमुख पुरावा. मात्र त्यातले प्रत्येक अक्षर सारख्याच विश्वासाचे नाही. का, ते पाहण्यासाठी सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते. #धागा

२/ हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले. त्याच्या चाकांची घोडागाडी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये धावलीही. पण ती कल्पना काळाच्या फार पुढे होती आणि लवकरच विस्मृतीत गेली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप याने ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, तेव्हा सायकलमुळे बाजारपेठ तयार होती. मालवाहू ट्रक मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळातही बहुतांशी भरीव रबराच्या चाकांवरच धावत. तेवढे ओझे पेलेल असा हवेचा टायर अजून विश्वासार्ह झाला नव्हता.

३/ सुरुवातीचे टायर बरेचसे गुळगुळीत असत आणि ओल्या रस्त्यावर घसरत. यावर १९०८ मध्ये फायरस्टोन कंपनीने गमतीदार उपाय काढला. 'फायरस्टोन नॉन-स्किड' ही इंग्रजी अक्षरेच टायरच्या पृष्ठभागावर तिरकी उठवली. अक्षरांच्या कडा रस्ता पकडत आणि ओल्या मातीत कंपनीचे नावही छापले जाई. पुढे १९१० च्या दशकात गुडइयर 'ऑल-वेदर ट्रेड', म्हणजे सर्व हवामानांची नक्षी, या नावाने टायर विकू लागली. 'सर्व ऋतूंसाठी एकच टायर' हे वचन शंभर वर्षांहून जुने आहे, ते असे. त्या काळी हे विधान करणारा आणि त्याची ग्वाही देणारा एकच होता : विक्रेता.

४/ हे वचन पाळणे इतके अवघड का? कारण तिन्ही भूमींच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. चिखलाला मोठमोठे गठ्ठे आणि त्यांमध्ये रुंद मोकळ्या खाचा लागतात, म्हणजे चिखल आत अडकून न राहता बाहेर फेकला जातो. ताज्या बर्फावर याच्या उलट घडते. खाचांत दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला घट्ट धरतो, म्हणून तो थोडा आत राहिलेलाच बरा. शिवाय थंडीत ताठर होणार नाही असे मऊ रबर हवे. डांबराला मात्र झिजेला टिकणारे रबर आणि जमिनीला टेकणारा भरपूर पृष्ठभाग हवा. एकाला खूश करावे तर दुसरा रुसतो.

५/ या पेचातून बाहेर पडण्याचा पहिला मोठा प्रयत्न फिनलंडमध्ये झाला. नोकिया गावातील सुओमेन गुम्मितेहदास या रबर कारखान्याने १९३४ मध्ये 'केलिरेंगास' हा टायर आणला. जगातील पहिला हिवाळी टायर म्हणून तो ओळखला जातो, आणि तो मोटारींसाठी नव्हता, ट्रकसाठी होता. तोवर बर्फात ट्रकच्या चाकांना लोखंडी साखळ्या गुंडाळाव्या लागत. केलिरेंगासची आडवी, जाड नक्षी बर्फात रुतून तेच काम करी. उणीव एवढीच की आडव्या नक्षीने पुढे ओढ मिळे, पण गाडी बाजूला सरकण्याला पुरेसा अटकाव होत नसे.

६/ दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याच कारखान्याने मोटारींसाठी 'लुमी-हाक्कापेलिता' काढला. त्याला उभ्या खाचाही होत्या. नावातला 'लुमी' म्हणजे बर्फ. 'हाक्कापेलिता' म्हणजे तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याच्या बाजूने लढलेले फिनिश घोडेस्वार. सतराव्या शतकातील स्वारांचे नाव विसाव्या शतकातील टायरला मिळाले आणि ते आजही चालू आहे. बारगीर-शिलेदारांच्या वारशावर वाढलेल्या मराठी वाचकाला या नामकरणातला अभिमान वेगळा समजावून सांगायला नको.

७/ दुसऱ्या महायुद्धाने प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. अमेरिकी लष्कराच्या जीप आणि ट्रकवर 'नॉन-डायरेक्शनल', म्हणजे दिशानिरपेक्ष, नक्षीचे टायर असत. जाड गठ्ठ्यांची ती नक्षी पुढे जाताना आणि मागे येताना सारखीच पकड देई. टायर उलटा बसवण्याची चूकच शक्य नसे, आणि आघाडीवर घाईने चाक बदलणाऱ्या सैनिकासाठी हा गुण फार मोलाचा होता. पण चिखलात शूर ठरलेला हा टायर ओल्या डांबरावर आणि गोठलेल्या रस्त्यावर दुबळा पडे. युद्धानंतर जीप नागरी जीवनात आली आणि टायरच्या रांगड्या रूपालाच सामर्थ्य समजण्याची सवयही सोबत आली. ती अजून गेलेली नाही.

८/ गोठलेल्या रस्त्यासाठी १९६० च्या दशकात टायरमध्ये धातूचे खिळे बसवण्याची लाट आली. पकड मिळाली, पण रस्ते खरवडले जाऊ लागले. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये खिळ्यांवर बंदी घातली. जपानमध्ये रस्त्यांची धूळ शहरांच्या हवेत मिसळू लागल्यावर १९९० मध्ये कायदा झाला. मग भर पडला तो रबराच्या मिश्रणावर आणि 'साइप' या केसासारख्या बारीक चिरांवर. १९२३ मध्ये पेटंट घेणाऱ्या जॉन साइप याच्यावरून त्यांना हे नाव मिळाले. निसरड्या पृष्ठभागावर या असंख्य चिरांच्या कडा पकड धरतात.

९/ एकाच टायरची कल्पना खऱ्या अर्थाने शक्य झाली ती रेडियल रचनेमुळे. मिशेलिनने १९४६ मध्ये तिचे पेटंट घेतले. या रचनेत बाजूची भिंत लवचीक आणि पृष्ठभाग पोलादी पट्ट्यांनी स्थिर राहतो, त्यामुळे खडबडीत नक्षीही डांबरावर बरी चालते. १९७६ मध्ये बीएफ गुडरिचने 'ऑल-टेरेन' रेडियल आणला. १९७७ मध्ये गुडइयरने 'टिएम्पो' हा सर्वऋतू टायर. आज पिकअपसाठी मिळणारे टायर याच दोन घराण्यांचे वंशज : एक मातीकडे झुकलेले, दुसरे डांबराकडे.

१०/ आता भिंतीवरच्या अक्षरांकडे वळू. 'एम+एस' म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. या खुणेमागची अट मुळात नक्षीच्या भूमितीची आहे : खाचांचे प्रमाण किमान सुमारे २५ टक्के आणि कडेपर्यंत जाणाऱ्या तिरक्या खाचा. ती मिळवण्यासाठी टायर बर्फावर चालवून दाखवण्याची गरज नव्हती. बहुतेक सर्वऋतू टायरांवर ती दिसते, ती यामुळेच. इतिहासाच्या भाषेत ही प्रशस्ती आहे. खोटी असेलच असे नाही, पण स्वतःच स्वतःविषयी लिहिलेली.

११/ ही उणीव ओळखून १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत नवे चिन्ह आले : तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. हे चिन्ह हवे असेल तर टायरची दाबलेल्या बर्फावर चाचणी होते. मूळ निकषानुसार प्रमाण टायरची पकड १०० धरली, तर नव्या टायरला किमान ११० गुण हवेत. ही साक्ष तपासलेली आहे, पण मर्यादित आहे. या अमेरिकी चाचणीत मुख्यतः गती घेतानाची पकड मोजली जाते. काचेसारख्या बर्फाविषयी किंवा वळणाविषयी ती काही सांगत नाही.

१२/ दोन साक्षींतला हा फरक कायद्यानेही मानला. जर्मनीत १ जानेवारी २०१८ पासून बनलेल्या टायरला हिवाळी मान्यतेसाठी डोंगर-हिमकण चिन्ह लागते. जुन्या 'एम+एस' टायरांची सवलतही ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. अमेरिकेतील कोलोरॅडोत डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गाच्या डोंगरी टप्प्यावर १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात वेगळा आग्रह आहे. चारही चाके ओढणाऱ्या गाडीच्या टायरलाही तिथे किमान ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर, खोल नक्षी लागते. चिन्ह कोणतेही असो, झिजलेल्या नक्षीला बर्फावर किंमत नाही.

१३/ भिंतीवर काही जीवाश्मही सापडतात. '१० प्लाय' म्हणजे दहा थर, हा शब्दप्रयोग टायरमध्ये सुती धाग्यांचे थर असत तेव्हाचा. आजच्या 'ई' श्रेणीच्या टायरमध्ये दहा थर नसतात; ते फक्त भारक्षमतेचे माप उरले आहे. असा टायर जड आणि कडक असतो. जड ओझे किंवा ट्रेलर ओढायचा नसेल, तर तो घेण्यात शौर्य नाही. आणि डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे चक्क कालनिर्देश. '३५२३' असेल तर २०२३ सालचा ३५ वा आठवडा. शिलालेखात शक सापडावा तसे!

१४/ मग निवड कशी करावी? आधी स्वतःचा प्रवास प्रामाणिकपणे मोजा. बहुतेक पिकअप आयुष्याचा मोठा भाग डांबरावर घालवतात. वर्षातून काही आठवडे बर्फ आणि कधीतरी खडीची वाट असेल, तर डोंगर-हिमकण चिन्ह असलेला, बारीक चिरांचा, मध्यम नक्षीचा ऑल-टेरेन टायर पुरेसा आहे. गाडीला हवी तेवढी भारक्षमता पाहा, उत्पादनाचा आठवडा पाहा आणि खाचांची खोली मोजा. रस्ता महिनोन्महिने गोठलेला राहत असेल, तर वेगळा हिवाळी टायर घ्यावा. तिथे एकच टायर हे वचन तुटते. चार चाकांची ओढ गाडी निघायला मदत करते. थांबवणे टायरच्याच हाती असते.

१५/ आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक डेन्व्हर, टोरंटो किंवा म्युनिकला राहतात. पहिल्या हिवाळ्याआधी त्यांनी गाडीचा फोटो पाठवला, तर टायरची भिंत जवळून टिपून पाठवायला सांगा आणि आधी तो डोंगर शोधा. साधनचिकित्सा म्हणजे साक्षीदाराच्या शब्दांमागचा आधार तपासणे. ताम्रपट वाचताना चूक झाली तर एखादा शोधनिबंध फसतो. इथे चूक झाली तर उतारावर गाडी थांबत नाही.

धागा समाप्त. तुमच्या टायरवर काय कोरले आहे ते खाली लिहा, मिळून वाचू.