काचबिंदूच्या जीनचा माग

काचबिंदू घराण्यात चालतो, हे डॉक्टरांच्या एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. पण पिढ्यान् पिढ्या नेमकं काय चालत येतं, हे कळायला १९९७ साल उजाडावं लागलं.

आधी एक घोळ मिटवू. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस वाळत जाते, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. बरेचदा दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून निथळून जातं. जाळी तुंबली की दाब चढतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड बेकर आणि मन्सूर अरमाली यांनी दाखवलं, की स्टेरॉईडचे थेंब काही आठवडे घातले तर काही जणांचा दाब वाढतो, काहींचा अजिबात नाही. असं का? पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जॉन पोलान्स्की यांच्या प्रयोगशाळेत या जाळीच्या पेशी वाढवून त्यांना स्टेरॉईड दिलं. पेशी एक प्रोटीन भरमसाट बनवू लागल्या.

तिकडे आयोवात वॅल शेफील्ड आणि एडविन स्टोन यांच्यापुढे वंशावळी होत्या. तरुणपणीच काचबिंदू होणाऱ्या एका मोठ्या कुटुंबावरून १९९३मध्ये पत्ता लागला: क्रोमोसोम १. पण तो पत्ता म्हणजे नुसतं पेठेचं नाव, घर नंबर नाही. चार वर्षांनी त्या पेठेतले जीन तपासताना पोलान्स्कींच्याच प्रोटीनचा जीन समोर आला, आणि रुग्णांमध्ये त्यात बिघाड सापडले. आज त्याला मायोसिलिन म्हणतात.

मला खरी गंमत पुढची वाटते. उंदरांमधून हा जीन पूर्ण काढून टाकला, तर त्यांना काचबिंदू झालाच नाही! म्हणजे प्रोटीन नसल्यानं काही बिघडत नाही. चुकीची घडी पडलेलं प्रोटीन पेशीबाहेर न जाता आतच साचतं आणि पेशीचा जीव घेतं. कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: फंक्शन डिलीट केलं तर प्रोग्राम चालतो, बिघडलेलं ठेवलं तर मेमरी भरते.

मात्र नेहमीच्या, प्रौढ वयातल्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्क्यांमध्येच हा जीन दोषी ठरतो. बाकीच्यांत अनेक जीन थोडा थोडा वाटा उचलतात. जन्मजात काचबिंदूचा जीन वेगळाच, सीवायपी१बी१. तोही १९९७मध्येच, तुर्की कुटुंबांच्या अभ्यासातून सापडला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेला तो आपल्याकडच्या बाळांमध्येही आढळला.

त्यामुळे जीनच्या चाचणीपेक्षा आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला काचबिंदू आहे, हा साधा प्रश्न आजही जास्त उपयोगी पडतो. तसं असेल, तर चाळिशीची वाट न बघता दाब आणि नस तपासून घ्यावी. आणि डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या थेंबांची बाटली एकदा वाचावी. तिच्यावर डेक्सामेथासोन असं नाव दिसलं, तर पोलान्स्कींनी त्या पेशींना हेच स्टेरॉईड दिलं होतं.