जात्यावरची सीता

होमरच्या ‘ओडिसी’च्या विसाव्या सर्गात एक निनावी दासी क्षणभर दिसते. ओडिसियसच्या वाड्यात १२ बायका जात्यांवर दळत असतात. ११ जणी दळण संपवून झोपल्या आहेत, ही सर्वांत अशक्त म्हणून मागे राहिली आहे. पहाटे निरभ्र आकाशात गडगडाट होतो. ती जाते थांबवून झ्यूसकडे मागणे मागते: पेनेलोपीशी लग्नाला टपलेल्या ज्या पुरुषांसाठी दळताना हातपाय मोडले, त्यांचे हे अखेरचे जेवण ठरावे. ओडिसियस ते शब्द शुभशकुन म्हणून ऐकतो आणि कथा त्याच्यामागे निघून जाते.

महाराष्ट्रात मात्र दळणाऱ्या बाईने महाकाव्यच आपल्या हाती घेतले.

ईश्वरपूरजवळ (पूर्वीचे इस्लामपूर) बहे येथे कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आहे. राम पूजेत मग्न असताना पूर आला आणि मारुतीने बाहू पसरून प्रवाह दुभंगला, अशी तेथील आख्यायिका. समर्थ रामदासांच्या ११ मारुतींपैकी एक येथलाच. देवळाच्या ओट्यावर सांगितली जाणारी रामकथा अशी पराक्रमाची आणि भक्तीची असते. गावोगावी पहाटे जात्याच्या खुंट्याला हात लावून बायका जी रामकथा गात, तिची नायिका सीता होती.

या ओव्यांत युद्धाला फारशी जागा नाही. वनवास म्हणजे गरोदर सीतेला घराबाहेर काढले तो. वाल्मीकींच्या उत्तरकांडात त्यागाचे कारण लोकापवाद आहे. ओव्यांत अनेकदा तो सासूचा डाव ठरतो. कैकेयी सीतेला रावणाचे चित्र काढायला सांगते. सीतेने पाहिलेला असतो केवळ त्याच्या पायाचा अंगठा, म्हणून ती तेवढाच काढते. उरलेला रावण कैकेयी पुरा करते आणि रामाला दाखवते. आळ कसा रचला जातो, हे नांदत्या घरातल्या सुनेला कोणत्याही पंडितापेक्षा अधिक ठाऊक असावे! पुढे रानात दगडाची उशी होते, बाळंतपणाला बोरी-बाभळीच सोबतिणी होतात, आणि लहू-अंकुशांचा सांभाळ तातोबा ऋषी करतात.

याला बंड म्हणण्याची घाई नको. याच बायका पहिली ओवी रामाच्या नावाने गात.

१९८०च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह अशा १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतील अनेक मुळशी-मावळातील. मार्गारेट ॲटवूड यांनी २००५ साली पेनेलोपी आणि फाशी गेलेल्या तिच्या १२ दासींना बोलते केले, तेव्हा तो आवाज त्यांना कल्पनेने घडवावा लागला. येथे गाणाऱ्या बायका हयात होत्या. पण पिठाची गिरणी गावात पोहोचली होती, आणि जाते निघू लागले होते ते लग्नाच्या हळदीपुरते.