धूळपाटी : एका अध्यापन-साधनाचा इतिहास

मराठीत कोणत्याही विद्येच्या प्रारंभिक ज्ञानास 'धुळाक्षरे' म्हणतात. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीवर अक्षरे गिरविण्याची जी जुनी रीत होती, तिची ही भाषेत उरलेली खूण होय. संस्कृत ग्रंथकारांनी गणितास 'पाटीगणित' व 'धूलिकर्म' अशा संज्ञा योजिल्या, त्याही याच साधनावरून. पुढे धूळ गेली, दगडी पाटी आली. नाव मात्र तेच राहिले. आज अध्यापक विद्यालयातील विद्यार्थी काचेची पाटी वर्गात कशी वापरावी याचा विचार करीत आहे. त्याने या पहिल्या पाटीचा वृत्तान्त अवश्य पाहावा.

इ. स. १६२३ मध्ये इक्केरीच्या प्रदेशात पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशास देवळाच्या ओसरीत चार मुले अंक शिकताना आढळली. एक जण धडा सुरात म्हणे व जमिनीवरील बारीक वाळूत बोटाने लिही; इतर तिघे तसेच करीत. जागा भरली की पुसून नवी वाळू पसरीत. गुरुजी जवळ नव्हते. अडल्यास कोणास विचारता, या प्रश्नावर, चौघेही एकदम विसरणे शक्य नाही, असे उत्तर मिळाले.

मद्रासजवळ एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा १७८९ पासून डॉ. अँड्र्यू बेल यांच्या देखरेखीखाली होती. देशी शाळेत मुले वाळूत लिहिताना पाहून त्यांनी तीच रीत आपल्या शाळेत सुरू करण्यास सांगितले. वेतन घेणाऱ्या शिक्षकांनी ती अशक्य ठरविली. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे तो वर्ग सोपविला आणि काम सुरळीत चालले. येथे वाळूचा दोष नव्हता. शिक्षकांना ती हुकमाने मिळाली होती, मनाने त्यांनी ती घेतलीच नव्हती. साधनांच्या इतिहासात हे वारंवार घडते.

बेल यांचा वृत्तान्त १७९७ मध्ये लंडनला छापला गेला. जोसेफ लँकेस्टरने आपल्या शाळेत लहान मुलांसाठी वाळूचे मेज ठेविले. अक्षर पुकारावयाचे, सर्वांनी एकदम लिहावयाचे, नायकाने वाळू सपाट करावयाची, असा तेथील क्रम. ओसरीतील चौघांचे परस्परांना सांभाळून घेणे जाऊन तेथे कवायत आली. वाळू तीच, परंतु पुसण्याचा अधिकार मुलाच्या हातून गेला. हा फरक थोडा नव्हे.

मुंबईत १८२३ मध्ये देशी शाळांची पाहणी करणाऱ्या समितीने पुस्तके, सुलभ पद्धती, योग्य शिक्षक व पैसा या चार गोष्टींची उणीव दाखविली आणि लँकेस्टरच्या पद्धतीची मार्गदर्शक पुस्तके देशी भाषांत करण्याची शिफारस केली. ज्या पंतोजींसाठी ही पुस्तके व्हावयाची होती, त्यांच्या पडवीत धूळपाट्या अगोदरपासूनच होत्या.