भटक्या पाणथरीची कुळकथा

१८९५ साली पोलंडच्या अखेरच्या वाटणीला शंभर वर्षे पुरी होत होती, आणि ते राष्ट्र नकाशावर कोठेही उरले नसले, तरी ऑस्ट्रियाच्या अमलाखालील क्राकोव्ह शहरात त्याचे पुरातन विद्यापीठ पूर्वीच्याच दिमाखाने नांदत होते. त्या विद्यापीठात शल्यशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या लुद्विक रिडिगियर याने त्या साली एका विलक्षण शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पोटात आपली जागा सोडून इतस्ततः फिरणारी पाणथरी, म्हणजेच प्लीहा, कापून न टाकता, तिला डाव्या बरगड्यांखालच्या तिच्या मूळ ठिकाणी नेऊन कायमची बसवावी, असा तिचा आशय होता. आणि प्लीहास्थिरीकरण या नावाने जी शस्त्रक्रिया पुढे ओळखली जाऊ लागली, तिचा जन्म तेथूनच मोजण्याचा प्रघात आहे. नवल शस्त्रकौशल्याचे तर आहेच. पण त्याहून मोठे नवल असे की, ज्या अवयवाचे शरीरातील नेमके काम काय हे त्या वेळी छातीठोकपणे सांगणे कोणालाच शक्य नव्हते, आणि जो काढून टाकला तरी माणूस जगतो हे सर्वांना ठाऊक झाले होते, त्या अवयवासाठी या गृहस्थाने इतकी यातायात करावी.

रिडिगियर हा मुळातच प्रचलित मताची फारशी पर्वा न करणारा मनुष्य होता. १८८० साली, जठराचा भाग काढण्याचे शल्यवैद्य बिलरोटचे गाजलेले ऑपरेशन अजून व्हावयाचे असताना, त्याने एका लहानशा गावातील आपल्या खाजगी रुग्णालयात कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग काढून पाहिला होता. रोगी काही तासांतच दगावला. पुढल्याच वर्षी जठरातील व्रणासाठी त्याने तीच क्रिया यशस्वीपणे केली, तेव्हा तिचा वृत्तांत छापणाऱ्या जर्मन नियतकालिकाच्या संपादकाने, ही अशा प्रकारची पहिली शस्त्रक्रिया शेवटचीही ठरो, अशा अर्थाची टीप खाली जोडली, असे सांगतात. संपादकांच्या शुभेच्छा बहुधा अशाच फळतात. ती क्रिया पुढे जगभर रूढ झाली.

पाणथरी भटकते कशी, हे समजण्यासाठी तिची मूळ व्यवस्था पाहिली पाहिजे. निरोगी प्रौढाची पाणथरी सुमारे दीडशे ग्रॅम वजनाची, मुठीएवढी, जांभळट रंगाची असून ती डावीकडील नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, श्वासपटलाच्या छायेत पडून असते. गर्भ पाच आठवड्यांचा असताना जठराच्या पाठीमागील पडद्याच्या घडीत तिचा उगम होतो. पुढे तो पडदा उदराच्या मागील भिंतीला चिकटतो, आणि त्याच्याच घड्यांपासून पाणथरीला जठराशी, मूत्रपिंडाशी व मोठ्या आतड्याशी जखडून ठेवणारे बंध तयार होतात. ज्या अर्भकात हे चिकटणे अपुरे राहते, त्याच्या पाणथरीला आधार म्हणून केवळ रक्तवाहिन्यांचा एक लांबलचक देठ उरतो, आणि त्या देठाच्या लांबीइतकी मोकळीक घेऊन ती बेंबीपर्यंत, क्वचित थेट ओटीपोटापर्यंत उतरते. प्रौढ वयात बंध सैल पडण्याला दुसरीही कारणे असतात: गर्भारपणामुळे स्त्रियांच्या शरीरात येणारे शैथिल्य हे एक, आणि पाणथरीचे स्वतःचे वाढलेले वजन हे दुसरे. म्हणूनच हा विकार एकीकडे लहान मुलांत आणि दुसरीकडे वीस ते चाळीस वर्षांच्या स्त्रियांत अधिक आढळतो. आढळतो म्हणावयाचे तेही बेतानेच, कारण ज्या ज्या कारणांसाठी पाणथरीवर शस्त्र चालवले जाते त्यांत याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

वाढलेल्या पाणथरीची हकीकत आपल्या देशाला नवीन नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांचे प्रकरण आहे, त्यात प्लीहोदराची कारणे देताना जेवणानंतर अंगाला बसणारे हिसके, वाहनातील धक्के, अतिश्रम अशी यादी करून, त्यायोगे डाव्या कुशीतील प्लीहा आपल्या स्थानापासून ढळते व वाढते, असे स्पष्ट म्हटले आहे. यावरून चरकाला आजच्या अर्थाची भटकी पाणथरी ठाऊक होती असे अनुमान काढण्याचा मोह काही स्वदेशाभिमान्यांना होईल. मला ते अनुमान धाडसाचे वाटते, कारण पुढले वर्णन ज्वराने व रक्तदोषाने फुगलेल्या पाणथरीचेच आहे. मात्र हा अवयव जागचा हलू शकतो, ही कल्पना तेथे निःसंशय आहे. सुश्रुताने प्लीहोदरावर डाव्या कोपराच्या आतील शीर वेधून रक्त काढावे आणि त्या वेळी प्लीहा हाताने चोळावी, असा उपाय सांगितला. रोमन लेखक प्लिनी धावणाऱ्या माणसांना पाणथरीचा अडथळा होतो व त्यासाठी ती डागून लहान करतात, असे लिहितो. आपल्याकडे मेळघाटासारख्या भागांत फुगलेल्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची चाल पुष्कळ उशिरापर्यंत टिकली, हे लक्षात घेता प्लिनीला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा पोहोचत नाही. हिवतापाच्या मुलुखात पाणथरी इतकी फुगे व नाजूक होई की, एखाद्या ठोशानेही ती फुटावी; आणि १८७६ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने ज्या फुलर खटल्याबद्दल न्यायाधिकाऱ्यांवर ताशेरे ओढले, त्यात आग्र्याच्या एका इंग्रज वकिलाच्या हातून मार बसलेला मोतद्दार असाच पाणथरी फुटून मेला होता, व शिक्षा झाली होती अवघ्या तीस रुपये दंडाची. मोतद्दाराचा अवयव दुबळा होता, ही गोष्ट मारणाऱ्याच्या बचावास उपयोगी पडावी, असा तो काळ होता.

खऱ्या भटक्या पाणथरीची पहिली नोंद वैद्यकाच्या दप्तरात १६६७ सालची सापडते. हॉलंडमधील लायडनचा शरीरशास्त्रज्ञ योहानेस फान होर्न याने ती प्रेताच्या विच्छेदनात पाहिली. जिवंत रोग्याच्या पोटात ती ओळखावयाची तर बोटांना निराळे शिक्षण हवे, आणि ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकोव्हच्याच युझेफ डिट्ल याने दिले. सरकणारे मूत्रपिंड आणि त्यामुळे उठणारी भयंकर कळ यांच्या वर्णनाने त्याचे नाव वैद्यकात अजरामर झाले; पुढे तो त्या शहराचा नगराध्यक्षही झाला. रिडिगियर ज्या शहरात येऊन स्थिरावला, तेथे सरकत्या अवयवांचा अभ्यास असा आधीच मुरलेला होता.

या परीक्षेची रीत आजही बदललेली नाही. रोग्यास उताणे निजवून डाव्या खालच्या बरगड्यांवर बोटाने ठोकले असता जेथे बद्द आवाज यावयाचा, तेथे पोकळ आवाज येतो. खाली, बेंबीच्या आसपास किंवा ओटीपोटात, हाताला एक घट्ट गोळा लागतो, आणि नशीब असेल तर त्याच्या एका कडेवर पाणथरीची ती ओळखीची खाच बोटाला जाणवते. हा गोळा डाव्या कुशीकडे वर सरकवला तर तो निमूटपणे जातो, रोग्यास काही वाटत नाही; पण तोच उजवीकडे किंवा खाली ओढू लागावे, तर रोगी कळवळतो. पुष्कळांच्या बाबतीत एवढेच लक्षण वर्षानुवर्षे असते, किंवा तेही नसते.

संकट उभे राहते ते देठाला पीळ पडल्यावर. पाणथरी स्वतःभोवती फिरली की आधी मिटतात त्या पातळ भिंतींच्या शिरा. जाड भिंतीची धमनी मात्र काही काळ रक्त आत लोटतच राहते. येणे चालू आणि जाणे बंद, अशा अवस्थेत पाणथरी फुगते, तिचे आवरण ताणले जाऊन पोटात असह्य कळ उठते, आणि पीळ वेळीच सुटला नाही तर धमनीही बंद होऊन ऊतक मरते व कुजू लागते. काही रोग्यांत पीळ अर्धवट पडतो व आपोआप सुटतो. मग महिनोन्‌महिने पोट दुखावे, राहावे, पुन्हा दुखावे, आणि घरच्यांनी पित्ताला दोष देत बसावे. या जुनाट प्रकारात तुंबून मोठी झालेली पाणथरी रक्तातील बिंबाणू अडवून ठेवते, तसेच तिच्या शिरेची वाट बंद झाल्याने रक्त जठराच्या शिरांतून आडमार्ग काढते व त्या शिरा फुगून फुटण्याचे भय निर्माण होते. स्वादुपिंडाचे शेपूट त्याच देठात गुंतलेले असल्याने तेही कधी ओढले जाऊन सुजते. आणि ज्या बंधांच्या अभावी पाणथरी मोकाट सुटली, तेच जठरालाही धरून ठेवणारे असल्याने, क्वचित जठरच स्वतःभोवती फिरून बसते.

रिडिगियरच्या आधी यावर एकच उपाय होता: छेदन. १८६७ साली पॅरिसच्या ज्यूल पेआँ याने पाणथरीतील प्रचंड द्रवार्बुदासाठी ती समूळ काढली व रोगीण जगली, तेव्हापासून शल्यवैद्यांचा धीर वाढला. दहा वर्षांनी, १८७७ साली, बर्लिनच्या मार्टिन याने भटक्या पाणथरीसाठी तेच केले. मार्टिन हा स्त्रीरोगांचा शल्यवैद्य होता, यात योगायोग थोडाच आहे. तरुण स्त्रीच्या ओटीपोटातील हलता गोळा बीजाशयाचा समजून त्याच वर्गाच्या वैद्यांपुढे येत असे. काढून टाकण्याचा मार्ग सुटसुटीत होता: देठ बांधावा, कापावा, पोट शिवावे. उलट बसवण्याचा मार्ग अडचणीचा, कारण पाणथरीचा गर इतका भुसभुशीत व रक्ताने इतका भरलेला की त्यात घातलेला टाका धरत नाही, फाडतो आणि रक्तस्राव मात्र करतो. रिडिगियरची खरी करामत या ठिकाणी आहे. त्याने पाणथरीला टाका घातलाच नाही. उदराच्या भिंतीचे आतील पातळ आवरण छेदून ते भिंतीपासून सोडवले, त्याची एक पिशवी केली, आणि त्या पिशवीत पाणथरी बसवून दिली.

एवढे असूनही पुढील अर्धशतकात निकाल छेदनाच्याच बाजूने लागत राहिला. निरुपयोगी ठरलेला अवयव, तोही उपद्रवी, त्याच्या पुनर्वसनाचा खर्च कोणी सोसावा, असा तो सरळ हिशेब होता. त्या हिशेबातील चूक दाखवणारा पुरावा १९१९ सालीच पुढे आला होता. मॉरिस आणि बुलक या दोघा अमेरिकनांनी पाणथरी काढलेले उंदीर रोगजंतूंपुढे अधिक संख्येने बळी पडतात, असे प्रयोगाने दाखवले होते. परंतु उंदरांची फिर्याद शल्यगृहात कोण ऐकणार? ती ऐकू आली १९५२ साली, जेव्हा इंडियानातील किंग आणि शूमॅकर यांनी, जन्मजात रक्तक्षयासाठी पाणथरी काढलेल्या पाच अर्भकांना पुढे कसे घातक जंतुसंसर्ग झाले, याचा वृत्तांत छापला. अवघ्या पाच अर्भकांची ती हकीकत. पण तिने एका अवयवाची प्रतिष्ठा फिरवली. पाणथरी ही रक्ताची गाळणी असून, न्यूमोकॉकससारख्या आवरणधारी जंतूंना ओळखून रक्तातून वेचून काढण्याचे काम मुख्यतः तिचे आहे, आणि ती गेलेल्या माणसाला, विशेषतः बालकाला, साध्या तापापासून काही तासांत मरणाच्या दारी नेणारा संसर्ग आयुष्यात केव्हाही होऊ शकतो, हे नंतरच्या वर्षांत उलगडत गेले. रिडिगियर १९२० सालीच वारला होता. आपण वाचवलेल्या वस्तूची किंमत त्याला कळली नाही.

मग बालशल्यवैद्य जुनी क्रिया धुंडाळू लागले आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत प्लीहास्थिरीकरण पुन्हा रूढ झाले. कोणी रिडिगियरचीच पिशवी नव्याने शिवली. कोणी शरीरात विरघळणाऱ्या धाग्याच्या जाळीचा उपयोग केला. या जाळीत पाणथरी गुंडाळून ती शिंक्यासारखी श्वासपटलाशी व मागील भिंतीशी अडकवतात, म्हणजे टाके जाळीला पडतात, पाणथरीला नाही. १९९८ साली जपानी शल्यवैद्य हिरोसे आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांत हीच क्रिया दुर्बिणीने, पोटावर लहान छिद्रे पाडून केल्याचे प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष ऑपरेशनात पहिले काम पीळ सोडवण्याचे: देठ हळूहळू उलट दिशेने फिरवावयाचा, आणि मग हात आवरून थांबावयाचे. काळवंडलेली पाणथरी काही मिनिटांत पुन्हा जांभळी होऊ लागली, धमनीचे स्पंदन दिसले, तर ती राखावयाची; रंग परतलाच नाही तर आजही छेदनावाचून गत्यंतर नाही, आणि मग रोग्याला न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस या तिघांविरुद्धच्या लशी आणि लहान मुलास दीर्घकाळ पेनिसिलिन, असा बंदोबस्त करावा लागतो. राखलेल्या पाणथरीची जाळी सुमारे दोन महिन्यांत विरघळून जाते. तोवर भोवती चिकटलेले नवे तंतू तिला धरून ठेवतात, आणि रक्तप्रवाह नीट चालू आहे की नाही हे अधूनमधून डॉप्लर सोनोग्राफीने पाहतात. पाणथरीबरोबर जठरही त्याच बैठकीत भिंतीशी जखडावे, म्हणजे पुढे त्याला पीळ पडण्याचे भय राहणार नाही, असे काही शल्यवैद्यांचे मत आहे. इतरांना ते अनावश्यक वाटते, आणि रोगी इतके थोडे असल्याने हा वाद निकाली निघण्याइतका पुरावा अद्याप कोणाच्याच पदरी जमलेला नाही.