मागे झुकलेले पंख (जेट विमानांचे)

धडापासून टोकाकडे मागे कलत गेलेले पंख. ध्वनिवेगाच्या आसपास पंखावरील हवा जागोजागी ध्वनीहून जलद वाहू लागते, आघात तरंग उठतात आणि रोध एकाएकी वाढतो. पंख तिरपा असल्यास वेगाचा त्याच्या कडेला लंब असलेला घटकच मुख्यतः परिणाम करतो. त्यामुळे ही अडचण अधिक वेगापर्यंत पुढे ढकलली जाते. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बूझेमान यांनी १९३५ मध्ये रोम येथील व्होल्टा परिषदेत ही कल्पना मांडली. तिची फारशी दखल घेतली गेली नाही. तेवढा वेग देणारे एंजिन तरी कुठे होते!

मेसरश्मिट मी-२६२ या जेट विमानाचे पंख सु. १८.५° झुकलेले असल्याने ते या सिद्धांताचे पहिले फळ समजले जाते. प्रत्यक्षात एंजिने अपेक्षेहून जड निघाल्याने गुरुत्वमध्य साधण्यासाठी पंख झुकवले होते. अमेरिकेत रॉबर्ट टी. जोन्स १९४५ मध्ये स्वतंत्रपणे बूझेमान यांच्याच निष्कर्षाला पोहोचले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन संशोधन हाती आल्यावर अमेरिकन एफ-८६ व बी-४७ या विमानांचे पंख ३५° झुकवण्यात आले. दोन्ही विमाने, तसेच सोव्हिएट मिग-१५, १९४७ मध्ये प्रथम उडाली. कमी वेगात पंखाच्या टोकांची उच्चालक शक्ती आधी ढासळणे, हा या रचनेचा दोष होय.